अंगठ्याखालचं नाव

ह्यांचा सतराचा पाढा चुकला तेव्हा मी स्टुलावरून उठले.

"सतरा पंचे," म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "साठ." पुढे "सतरा सक, सतरा सक," एवढंच चालू राहिलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मला फळ्यापाशी उभं केलंय आणि उत्तर मी द्यायचं आहे. सकाळचे पावणेबारा झाले होते. हॉस्पिटलच्या त्या खोलीतला ए.सी. इतका थंड, की मी शाल गुंडाळून बसले होते. ह्यांच्या कपाळावरून मात्र घाम कानामागे ओघळत होता. हात धरला तर गार आणि ओला, आत्ता विसळून ठेवलेल्या वाटीसारखा.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, अडतीस वर्षं बालीगंजच्या एका शाळेत गणित शिकवत होते. झोप येईना की पाढे म्हणतात. भर तापात एकोणतीसचा पाढा बिनचूक म्हणणारा माणूस. तो सतराला अडकला, तेव्हा मला कळलं की हा आता चालला. रडू वगैरे आलं नाही. मी बेल दाबली आणि दाबूनच धरली.

धाकटी सिस्टर आली. ती एकटी येत नाही. चाकांच्या उंच ट्रॉलीवर कॉम्प्युटर असतो, तो ढकलत येते, बाबागाडी ढकलावी तशी. आधी तिने स्क्रीन पाहिली. दहा वाजताचं प्रेशर ठीक होतं, ताप नव्हता, सगळं हिरवं होतं. मी तिला हिंदीत सांगितलं की हे पाढा चुकतायत. पोरगी सभ्य आहे, हसली नाही. हे कुठे लिहायचं ते स्क्रीनवर शोधायला लागली. ताप, खोकला, जुलाब, सगळ्यांना तिथे चौकट होती. पाढा चुकण्याला नव्हती.

तेवढ्यात बेल ऐकून थोरली सिस्टर आली. तिने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. उलटा तळहात ह्यांच्या कपाळाला लावला, मग मानेला, आणि खिशातून सुई काढून ह्यांचं बोट टोचलं. छोट्या यंत्रावर शुगरचा आकडा आला, शंभराच्या जागी छत्तीस. मला स्वतःला चौदा वर्षं शुगर आहे, तो आकडा काय सांगतो ते मला कुणी समजावायची गरज नव्हती.

"माशीमा, इन्सुलिन दिल्यावर ह्यांनी काही खाल्लं नाही?" तिने विचारलं. माशीमा म्हणजे मावशी. इकडे बंगाली लोक आमच्या वयाच्या बाईला तसंच म्हणतात.

"इन्सुलिन कुणाला?"

"दादूंना. सकाळी आठला." दादू म्हणजे आजोबा, म्हणजे हे.

"ह्यांना शुगर नाही," मी म्हटलं. "शुगर मला आहे."

 मग ट्रॉलीचा खालचा खण ओढून तिने ग्लुकोजचं पाणी जाड सिरिंजमध्ये भरायला घेतलं. धाकटी म्हणाली की दिदी, आधी हातावरची पट्टी स्कॅन करावी लागेल, नाहीतर औषधाची नोंद होणार नाही.

"तू लिही," थोरली म्हणाली. "मी देते."

सलाईनच्या सुईतून ते पाणी ह्यांच्या शिरेत जायला लागलं. एका हाताला थोरली, दुसऱ्या हाताशी धाकटी. मला धरायला पाय उरला होता, तो धरून मी उभी राहिले.

आता हे कसं झालं ते सांगते. सुरुवात माझ्यापासून आहे, म्हणून तीच आधी सांगते.

आदल्या दिवशी दुपारी ह्यांना दम लागला होता. जानेवारीत इथलं धुकं छातीत बसतं, आणि हे सकाळी साडेसहाला मफलर न घालता मिठाईच्या दुकानात गेले होते, नव्या गुळाचे संदेश, म्हणजे इकडचे पेढेच, घ्यायला. दोन वाजता श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मुलगा न्यू टाउनच्या ऑफिसात, यायला तास-दीड तास. वॉचमनच्या मदतीने ह्यांना टॅक्सीत घातलं आणि हॉस्पिटलात आणलं. ह्यांना तोंडावर मास्क लावून आत नेलं आणि मला काउंटरवर पाठवलं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव?

मी ह्यांचं नाव घेत नाही. त्यात व्रत नाही, भीती नाही, ह्यांनी कधी मनाई केलेली नाही. जिभेला ते वळणच नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही घास पुढे धरून बायका हटून बसल्या म्हणून. त्यानंतर सत्तावन्न वर्षांत गरज पडली नाही. पोस्टमन विचारतो तेव्हा मी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवते. बँकेत हे स्वतः असतात. घरात "अहो" म्हटलं की एकच माणूस बघतो.

पण माझ्याकडे सोय होती. आमच्या बायकांच्या नावात आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. दोन वर्षांपूर्वी ह्याच हॉस्पिटलात माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, त्याचं प्लास्टिकचं कार्ड पर्समध्ये होतं. मी ते काढलं, माझ्या नावावर अंगठा ठेवला, आणि उरलेलं ह्यांचं नाव आणि आडनाव तिच्यासमोर धरलं. म्हटलं, हे.

मला वाटलं होतं की माझी युक्ती चांगली आहे. पण बंगाली बाईच्या नावात मधोमध नवरा बसलेला नसतो, त्यामुळे त्या मुलीला अंगठ्याचा अर्थ काय कळणार. माझ्यामागे दहा माणसं होती आणि त्यातला एक काउंटरवर बोटं वाजवत होता. तिने अंगठ्याखालून कार्ड ओढून घेतलं, लाल दिव्याखाली धरलं, आणि छापील पट्टी बाहेर आली. ह्यांच्या मनगटावर ती बांधली गेली. दोन मिनिटांत काम. मी खूश होऊन मुलाला फोन केला की तुमचे कॉम्प्युटर बरे आहेत हो, पूर्वी इथे अर्धा तास लागायचा.

तो खूश झाला. तो तसलीच कामं करतो.

दिवसाच्या पाळीला आमच्या बाजूला दोन सिस्टर होत्या. त्यांची नावं मी लिहिणार नाही. नवऱ्याचं घेत नाही, तर त्यांची कशाला. मी त्यांना मनात थोरली आणि धाकटी म्हणत होते, कारण त्यांचं भांडण थेट जावा-जावांचं होतं, आणि सासू म्हणजे ते ट्रॉलीवरचं यंत्र.

थोरली डमडमची. पन्नाशी उलटलेली, रुंद, चालताना चपलांचा आवाज करणारी. दोन वर्षांपूर्वी मी तिथे होते तेव्हाही तीच होती. तेव्हा वॉर्डात हा कॉम्प्युटर नव्हता. तिच्या खिशात औषध कंपनीने फुकट दिलेली छोटी डायरी असायची, रबरबँड लावलेली, आणि पेन बँडेजच्या पट्टीने गळ्यात बांधलेलं, डॉक्टर पळवतात म्हणून. एकदा माझी सुई लावताना तिने डायरी माझ्या पोटावर ठेवली. मी शिकले चौथीपर्यंत, तेही मराठीतून, पण पन्नास वर्षं दुकानांच्या पाट्या वाचून बंगाली अक्षरं येतात. माझ्या खाटेच्या नंबरापुढे लिहिलं होतं: डाळ नको म्हणते. मुलगा संध्याकाळी येतो. झोपले म्हणून खोटं सांगते.

तेव्हापासून मी तिला झोपेबद्दल खरं सांगायला लागले.

मग कॉम्प्युटर वॉर्डात आला. दोन दिवस शिकवायला जो माणूस आला तो थोरलीच्या मुलापेक्षा लहान होता. ती एका बोटाने टाइप करते, तांदळातले खडे वेचावेत तशी. एक अक्षर सापडलं की मान वर करून ते खरंच उमटलं का बघते. धाकटी एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "दिदी लिहून होईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो."

"आणि तुझं बघून होईपर्यंत वर जातो," थोरली म्हणाली.

मला करमणूक होत होती. हे मास्क लावून झोपले होते आणि खोलीतली दुसरी खाट रिकामी होती.

त्या ट्रॉलीच्या कडेला शेंदराचा टिळा होता. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला इथे सगळी यंत्रं पुजतात, रिक्षापासून लिफ्टपर्यंत. ह्या कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालून टिळा लावला तो थोरलीनेच, असं धाकटी सांगत होती, आणि तो जानेवारीपर्यंत कुणी पुसला नव्हता. मी थोरलीला विचारलं की पूजा करतेस, मग ह्याच्याशी भांडण का?

"पूजा करते माशीमा. भरवसा ठेवत नाही."

धाकटी मणिपूरची. पंचवीस वर्षांची असेल नसेल. बोटं अशी चालतात की आवाज पावसाच्या भुरभुरीसारखा येतो. तिचा दोष एवढाच, की दादू कसे आहेत हे ती दादूंना सोडून स्क्रीनला विचारते. पण तिचं म्हणणंही मी ऐकून घेतलं. ती नवीन होती तेव्हा सगळं कागदावर, अर्धं बंगालीत, अर्धं डॉक्टरांच्या कोंबड्याच्या पायांत. तिला वाचता यायचं नाही. विचारलं की जुन्या सिस्टर हसायच्या. आता ती म्हणते की कॉम्प्युटरवर काय लिहिलंय ते सगळ्यांना सारखंच दिसतं, "मी सांगितलं होतं" असं मागाहून कुणाला म्हणता येत नाही, आणि तो हसत नाही. मी चौथी शिकून ह्यांच्या प्राध्यापक मित्रांना चहा दिलेला आहे. न हसणाऱ्याची किंमत मला कळते.

आता खरी गोष्ट. हॉस्पिटलात दर महिन्याला एक यादी लागायची, कोणत्या सिस्टरने कॉम्प्युटरमध्ये वेळेवर भरलं त्याची. धाकटी वर, थोरली सगळ्यांत खाली. तिला दोनदा ऑफिसात बोलावलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं की डायरी बंद करा. दोन ठिकाणी लिहिलं की घोळ होतो, आणि स्क्रीनवर आहे तेच खरं धरायचं. जे लिहिलेलं आहे ते नातेवाइकांना पुन्हा पुन्हा विचारत बसायचं नाही, त्यात वेळ जातो. मी ह्यांना घेऊन आले तो थोरलीचा डायरीशिवायचा पहिला आठवडा. बोलता बोलता तिचा हात सपाट खिशाकडे जायचा आणि परत यायचा. इतके महिने तिने त्या यंत्राचं ऐकलं नाही, आणि ऐकायला लागली ती नेमकी आमच्या वेळी.

आता ह्यांच्या जेवणाचं. पहिल्याच संध्याकाळी चहा आला तो बिनसाखरेचा. हे चहात अडीच चमचे घेतात, अर्धा चमचा मोजून. घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, साखर विसरले. सांग त्यांना."

मी सांगितलं नाही. ही माझी दुसरी चूक. चौदा वर्षं मी कडू चहा पिते आणि हा माणूस माझ्यासमोर बसून संदेश खातो, वर खोक्याचा दोरा मला गुंडाळायला देतो. मला वाटलं, हॉस्पिटल शहाणं आहे, एक्क्याऐंशीव्या वर्षी एवढं गोड नकोच. म्हटलं, हॉस्पिटल आहे, मिठाईचं दुकान नाही, प्या गुपचूप. रात्री कच्च्या पपईचा पातळ रस्सा आणि दोन पोळ्या आल्या. त्यातली अर्धी पोळी खाऊन ताट सारलं. मुलगा आला होता, तो भिंतीवरची स्क्रीन बघत होता. म्हणाला, आई, इथे कागद लागतच नाही. मी म्हटलं, मीठही लागत नसावं.

ह्यांच्या मनगटावरची पट्टी सलाईनच्या चिकटपट्टीखाली अर्धी झाकली गेली होती. दिसली असती तरी ती इंग्रजीत, आणि मला इंग्रजी बसच्या नंबराएवढंच येतं. मुलाला येतं. पण त्याने वडिलांचं मनगट कशाला वाचावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी घरी गेले. कारण सांगते: माझं स्वतःचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं. आंघोळ केली, अठराचा आकडा लावून पोटाला टोचलं, पोहे खाल्ले, भांडी घासून ठेवली.

त्याच वेळी हॉस्पिटलात थोरलीने ह्यांचं बोट टोचलं. श्वासासाठी रात्री दिलेल्या औषधाने शुगर थोडी वर गेली होती. स्क्रीनवर लिहिलं होतं: जुनी शुगर, सकाळी इन्सुलिन अठरा. तिने विचारायला मला शोधलं, असं ती नंतर म्हणाली. माझं स्टूल रिकामं. हे अर्धवट झोपेत, आणि कानाचं यंत्र घरी राहिलेलं, त्यामुळे कुणीही काहीही विचारलं की मान हलवत होते. तिने विचारलं की दादू, रोज इंजेक्शन घेता ना? ह्यांनी मान हलवली. तिने दिलं आणि नियमाप्रमाणे एका बोटाने लिहिलं.

म्हणजे त्या सकाळी आठ वाजता माझा डोस मी घेतला आणि माझाच डोस ह्यांनीही घेतला. सत्तावन्न वर्षांत आम्ही दुसरं काही इतकं सारखं वाटून घेतलेलं नाही. मी वर पोहे खाल्ले. ह्यांनी नाश्त्याचा कोरडा टोस्ट बघून तोंड फिरवलं होतं.

साडेनऊला मी परत आले तेव्हा हे जरा चिडखोर वाटले. म्हटलं, भूक. भोगा.

सिरिंज रिकामी झाली. थोरलीने दुसरी भरली. तीही अर्धी गेली तेव्हा ह्यांनी ओठ चाटले आणि डोळे माझ्यावर लावले. ह्या वेळी मी फळ्यापाशी उभी नव्हते, मी मीच होते. ते म्हणाले, "सतरा सक एकशे दोन."

"आधी पंच्याऐंशी," मी म्हटलं. "साठ नाही."

"साठ कोण म्हणालं?"

मी पाय सोडला. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

पण हे इन्सुलिन एकदा दिलं की दिवसभर काम करतं, हे मला घरच्या अनुभवाने माहीत होतं आणि थोरलीला धंद्याच्या. डॉक्टर येऊन ग्लुकोजची बाटली लावून गेले. दर अर्ध्या तासाने बोट टोचायचं ठरलं. एक वाजता आकडा बरा आला. दीडला पुन्हा खाली गेला आणि पुन्हा घाम आला. दोनला थोरलीची पाळी संपली, धाकटीची रात्रीपर्यंत होती. ती गेली नाही. तिने स्टूल ओढलं आणि ह्यांच्या उशाशी बसली. डमडमची नेहमीची गाडी चुकली, मग त्यानंतरचीही चुकली. दर टोचणीनंतर ती आकडा मला सांगायची आणि मग धाकटीला, आणि धाकटी तो लिहायची. दोघी त्या दुपारी भांडल्या नाहीत. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

धाकटीनेच शोधून काढलं. ती स्क्रीन वर-खाली करत होती, कारण दादूंना शुगर नाही असं मी म्हणत होते आणि यंत्र आहे म्हणत होतं. ती वाचता वाचता थांबली. मग तिने ह्यांच्या मिशीकडे पाहिलं. ह्यांची मिशी दाट आहे, पांढरी, दोन्ही बाजूंना खाली उतरलेली. तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा मिशीकडे.

"दिदी," ती हळू म्हणाली, "ह्यांची गर्भपिशवी काढलेली आहे."

थोरलीने वर पाहिलं.

"वय शहात्तर. स्त्री. पित्ताशयही नाही."

मी म्हटलं, ते सगळं माझं आहे. पर्समधून कार्ड काढलं, अंगठा ठेवून दाखवला. धाकटीला समजायला वेळ लागला. तिने अंगठ्यासकट कार्ड वाचलं, मग अंगठ्याशिवाय. मग ती जमिनीकडे बघायला लागली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. हे बाटली लावून पडलेले, आकडा अजून धड वर नाही, आणि ती हसत होती. मग थोरलीही हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसायला हात नेला. अंगात युनिफॉर्म होता, पदर नव्हता. तिने तळहाताने पुसले.

"मी नेहमी विचारते," ती म्हणाली. "शुद्धीवरच्या माणसाला विचारते आणि घरच्या माणसालाही विचारते. ह्या वेळी तुम्हाला विचारलं नाही."

मी तिला म्हटलं नाही की जाऊ दे. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. मी म्हटलं, मी बिनसाखरेचा चहा बघून गप्प बसले. पुढचा आकडा घे.

घेतला. पंच्याण्णव आला. साडेतीनला एकशे दहा. चारला धाकटीने कुठूनतरी दोन चमचे साखर घातलेला चहा आणला. हे म्हणाले, अर्धा चमचा कमी आहे. सहाला थोरली उठली, पाठ सरळ केली, आणि म्हणाली की आता झोपू द्या, आता काही होत नाही. मग ती घरी गेली.

संध्याकाळी मुलगा आला आणि तक्रार लिहायला बसला. मी म्हटलं, लिही, पण पहिलं नाव माझं लिही, मग काउंटरवालीचं, आणि मग बाकीच्यांचं. तो म्हणाला की आई, चूक सिस्टिमची आहे, स्त्री की पुरुष हे तिने काउंटरवरच पुन्हा विचारायला हवं होतं. तसं करता येतं, तो स्वतः करून देऊ शकेल. पंधरा मिनिटं समजावत होता. मी म्हटलं, कर. पण तोवर ज्याला मिशी दिसते तो माणूस लागेलच.

दुसऱ्या दिवशी थोरलीला ऑफिसात बोलावलं. मीही गेले, मला बोलावलं नव्हतं. तिथल्या कोटवाल्या साहेबांना मी कार्ड दाखवलं, अंगठा दाखवला, साखरेचंही सांगितलं. माझं बंगाली बाजारातलं आहे, त्यात गोड बोलायची सोय नाही. साहेबांनी कार्ड हातात घेऊन स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. थोरलीला त्यांनी लेखी समज दिली. तिने ती घेतली, घडी करून खिशात ठेवली. कॉम्प्युटरमधून ह्यांना माझ्यातून वेगळं काढायचं काम धाकटीला दिलं. त्याला म्हणे दुपार लागली. आणि एक नवा नियम केला. प्रत्येक पाळीला, औषध देण्याआधी, पेशंटचं नाव तोंडाने विचारायचं. पेशंटला ऐकू येत नसेल तर घरच्या माणसाला.

म्हणजे मला.

त्या दिवसापासून थोरलीला दुपारची पाळी होती. संध्याकाळी ती आली ती ट्रॉली ढकलत, एक बोट वर धरून. खिसा फुगलेला दिसला. डायरी होती की समजेचा कागद, मी विचारलं नाही. तिने पेशंटचं नाव विचारलं. मी पर्स उघडली. ती म्हणाली, "कार्ड नको माशीमा. तोंडाने."

मी म्हटलं, तुला माहीत आहे. ती म्हणाली, तिला माहीत आहे, पण तिने ऐकायला हवं. तिची आईही वडिलांचं नाव घ्यायची नाही, म्हणाली, पण आईच्या नावात वडील राहत नव्हते. धाकटी दारात येऊन उभी राहिली. दिवसभराचं काम टाकून उभी राहिली, दुष्ट.

मी खिडकीकडे बघून नाव घेतलं. आडनावासकट. उखाण्याशिवाय.

ह्यांच्या कानात यंत्र नव्हतं, डोळे मिटलेले होते. तरी पलंगावरून आवाज आला, "हजर."

दिवसातून तीनदा, पाच दिवस, मी नाव घेत होते आणि हे हजेरी देत होते. तिसऱ्या दिवशी जीभ अडखळायची थांबली. घरी आल्यावर मी पुन्हा "अहो"वर आले आहे. तसं ते पुरतं.

निघताना धाकटीने स्क्रीनवरचं वाचून दाखवलं आणि मला बरोबर आहे का विचारलं. थोरली शेजारी उभी राहून ह्यांचं मनगट धरून होती. मी बरोबर आहे म्हटलं.

हे वाचले. पुरुष, वय एक्क्याऐंशी, शुगर नाही.